सुखोवची पडद्यावरील शस्त्रे

व्लादिमिर मोतिल यांच्या 'बेलोये सोन्त्से पुस्तिनी' (वाळवंटातला पांढरा सूर्य, १९७०) या सोव्हिएत चित्रपटात अनातोली कुझनेत्सोव (१९३०–२०१४) यांनी लाल सैनिक सुखोव साकारला. त्याच्या हाती मुख्यतः दोन शस्त्रे दिसतात: नागां रिव्हॉल्व्हर आणि लुईस मशीनगन. पहिले अस्सल, दुसरे सोंग.

नागां १८९५ साली रशियन सैन्यात आले. कॅलिबर ७.६२ मिमी, चक्रात ७ काडतुसे. घोडा चढवला की चक्र पुढे सरकून नळीला टेकते, आणि गोळीच्याही पुढे आलेले पुंगळीचे तोंड नळीत शिरून फट बंद करते. म्हणूनच घोडा न चढवता नुसता चाप ओढायचा तर बोटाला चांगलाच जोर लागतो. चित्रीकरणात वापरल्या जाणाऱ्या बिनगोळीच्या काडतुसाची पुंगळी आखूड असेल तर ही फट उघडी राहते आणि वायू बाजूने फुटतो. चित्रीकरणाला मात्र रिव्हॉल्व्हर सोयीचे, कारण चक्र बोटाच्या जोरावर फिरते, वायूच्या दाबाची गरज नसते. भरणे किचकट: उजवीकडची झडप उघडून एकेक पुंगळी दांडीने ढकलायची, मग एकेक काडतूस घालायचे. पडद्यावर हे सगळे कोण दाखवणार! प्रेक्षकाने सातपर्यंत मोजावे.

लुईसच्या जागी देगत्यारोवची रणगाड्यावरची डीटी (१९२९) जाड नळकांडे चढवून वापरली आहे. खऱ्या लुईसच्या नळकांड्यात नळी थंड ठेवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात. इथे नळकांडे केवळ दिखाऊ. ओळखायची खूण चापाच्या पुढे, खालच्या अंगाला: लुईसची मुख्य स्प्रिंग घड्याळासारखी गुंडाळलेली असल्याने तिथे गोल फुगीर डबी असते. डीटीची स्प्रिंग नळीखाली, दट्ट्याभोवती (वायूच्या दाबाने मागे सरकणाऱ्या दांड्याभोवती) असते, त्यामुळे तो भाग सपाट राहतो. वरची चकतीही वेगळी. लुईसच्या साध्या चकतीत ४७ काडतुसे मावतात, डीटीच्या उंच चकतीत तीन थरांत ६३.

डीटी सोव्हिएत ७.६२ × ५४ मिमी काडतुसांवर चालते, तर लुईस मूळची ब्रिटिश ७.७ मिमीची. बिनगोळीच्या काडतुसांवर अशी बंदूक सलग चालवायची तर नळीत बारीक भोकाची डाट बसवावी लागते. गोळीच नसल्याने वायू मोकळ्या नळीतून निसटतो आणि दट्ट्या मागे ढकलण्याइतका दाब साठत नाही. भोक मोठे पडले तर एकच बार होऊन बंदूक थांबते. फार लहान ठेवले तर काजळी साचून ती अडकते. डाट असो वा नसो, नळीच्या तोंडातून तप्त वायू आणि काडतुसाचे तोंड बंद करणाऱ्या बोळ्याचे तुकडे उडतात. म्हणून जवळच्या दृश्यात नेम सहकलाकाराच्या अंगावर न धरता बाजूला धरतात. कॅमेऱ्याच्या कोनामुळे तो फरक दिसत नाही.