कनूतून बास मासेमारी

कनूतून बास मासेमारी : गोड्या पाण्याच्या लहान सरोवरात कनू या अरुंद, वल्ह्याने चालवायच्या होडीत बसून बास मासे गळाने पकडण्याची उत्तर अमेरिकेतील पद्धत. अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन व मेन ही राज्ये आणि कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांत येथे ती विशेष रूढ आहे. हिमनद्यांनी कोरलेली असंख्य सरोवरे या प्रदेशात एकमेकांलगत पसरली आहेत आणि त्यांतील अनेकांच्या काठापर्यंत रस्ता पोचत नाही.

नाव व वर्गीकरण : ‘बास’ हे नाव फसवे आहे. मुंबईच्या उपाहारगृहांत ‘सी बास’ म्हणून बहुधा जिताडा (लॅटिस कॅल्कॅरिफर) वाढला जातो. त्याचा येथे संबंध नाही. यूरोपच्या किनाऱ्यावरील समुद्री बासही निराळ्या कुलातला. प्रस्तुत मासे सेंट्रार्किडी या मूळच्या उत्तर अमेरिकी कुलातील मायक्रॉप्टेरस वंशाचे असून ‘ब्लॅक बास’ या नावाने ओळखले जातात. त्यांतील दोन जाती कनूतील मासेमाराच्या गळाला प्रामुख्याने लागतात : लार्जमाउथ व स्मॉलमाउथ. तोंड मिटलेले असताना वरचा जबडा डोळ्याच्या मागे गेलेला दिसला तर पहिली, डोळ्याखालीच संपला तर दुसरी.

वंशाचे नाव एका अपघातातून आले. फ्रेंच निसर्गवैज्ञानिक लासेपेद यांनी १८०२ मध्ये स्मॉलमाउथचे वर्णन केले, तेव्हा त्यांच्यापुढील नमुन्याचा पृष्ठपक्ष (पाठीवरचा पर) मागच्या टोकाला इजा झालेला होता. सुटा पडलेला तो तुकडा त्यांना स्वतंत्र छोटा पक्ष वाटला आणि ‘लहान पक्षाचा’ या अर्थाचे ग्रीक नाव माशाला चिकटले. वास्तविक या वंशाचे पक्ष मुळीच लहान नाहीत. ‘डोलोमियू’ हे जातिनाम डोलोमाइट खनिज ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्याच फ्रेंच भूवैज्ञानिकाचे.

लार्जमाउथच्या नावाचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. त्याच वर्षी लासेपेद यांनी ‘साल्मॉइडीस’, म्हणजे साल्मनसारखा, हे नाव दिले. पण त्यासाठी त्यांच्याजवळ फ्रेंच निसर्गवैज्ञानिक बॉस्क यांनी कॅरोलायनाहून पाठवलेले चित्र होते. लार्जमाउथ आणि त्याच्या जवळचा फ्लॉरिडा बास या जाती वेगळ्या मानल्या, तर हे चित्र कोणाचे, हा प्रश्न उरतोच. दीर्घकाळ ते नाव उत्तरेकडील लार्जमाउथला लावले गेले. २०२२ मध्ये जनुकीय पुराव्याच्या आधारे अशी मांडणी झाली की कॅरोलायनातील चार्ल्स्टन परिसरातील मासा फ्लॉरिडा बासच्या गटात पडतो. म्हणून ‘साल्मॉइडीस’ हे नाव त्याचे, आणि उत्तरेकडील लार्जमाउथसाठी फ्रेंच प्राणिवैज्ञानिक क्यूव्हिए यांचे ‘नायग्रिकॅन्स’ (१८२८) वापरावे. अर्थात दोन्ही जातींचा संकर होतो आणि जुन्या साहित्यात जुनेच नाव आहे. तरी चित्रातील माशाच्या मूळ स्थानाचा विचार करता नवी मांडणी अधिक सुसंगत वाटते. मिनेसोटातील मासेमाराला याने काही फरक पडत नाही.

कनू : शब्द कॅरिबियन बेटांवरील टाइनो भाषेतून स्पॅनिशमार्गे यूरोपात गेला. तेथील होड्या मात्र एकसंध ओंडका कोरून केलेल्या असत. उत्तरेकडील भूर्जसालीच्या होडीला तेच नाव पुढे चिकटले. ही होडी बर्चच्या सालीची, सीडरच्या फासळ्यांची, स्प्रूसच्या मुळांनी शिवलेली व राळेने सांधे बुजवलेली असते. साल कुजते, त्यामुळे तिच्या प्राचीनतेविषयी पुरातत्त्वीय पुरावा तुटपुंजा आहे. यूरोपीय येण्यापूर्वीपासून ती प्रचारात होती, एवढे निश्चित म्हणता येते. कनूतून मासे धरणेही जुनेच, पण ते बहुधा भाल्याने व जाळ्याने. ओजिब्वे हे उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी लोक रात्री होडीवर मशाल पेटवून भाला मारीत. विस्कॉन्सिनमधील ‘लाक द्यू फ्लाम्बो’ या फ्रेंच नावात तीच मशाल आहे. काठी-दोरीचा छंद नंतरचा. केंटकीतील पॅरिस गावच्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने गळाची दोरी गुंडाळण्याचे दंतचक्रांचे रीळ बनवले, त्याचा काळ सहसा १८१० ते १८२० धरतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेनमध्ये सीडरवर कॅनव्हास ताणलेल्या कनू होऊ लागल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर विमाने बांधणाऱ्या ग्रुमन कंपनीने अ‍ॅल्युमिनियमच्या काढल्या. त्या टिकाऊ, पण गोंगाटी : वल्हे काठाला लागले तरी आवाज पाण्यात दूर जातो.

पद्धत : कनू डुलते, म्हणून गळ बसूनच फेकतात. दोघे असल्यास पुढचा फेकतो आणि मागचा काठाला समांतर, फेकीच्या टप्प्यात होडी राखतो. एकट्याने जायचे तर पुढच्या बैठकीवर उलटे बसून वजन मध्याकडे आणतात, नाहीतर पुढचे टोक उचलले जाऊन वारा होडी फिरवतो. नांगर टोकाकडून सोडावा. मध्यावर बांधल्यास होडी आडवी पडून कलंडते. लार्जमाउथ कमळपानांत, लव्हाळ्यात व पडलेल्या झाडांच्या सावलीत, तर स्मॉलमाउथ खडकाळ उतारावर सापडतो. आमिषांत निक क्रीम यांनी १९४९ मध्ये ओहायोत काढलेला मऊ प्लॅस्टिकचा गांडूळ सर्वांत प्रभावी मानतात. मोठा मासा हलकी होडी ओढत नेतो. ती पुढे सरकल्याने दोरीवरचा झटका सौम्य होतो, हा कनूचा अनपेक्षित लाभ. मासा वर आला की खालचा जबडा अंगठ्याने धरतात. दात खरखरीत पण बारीक असतात.

वसंतात पाणी सुमारे १५ ते १८ अंश सेल्सिअसला पोचले की स्मॉलमाउथ नर उथळ तळावर घरटे करून अंडी राखतो. याच कारणाने दक्षिण ऑन्टॅरिओच्या बऱ्याच भागात बासचा हंगाम जूनच्या उत्तरार्धात सुरू होतो. मिनेसोटाच्या उत्तर सीमेवरील संरक्षित कनू-क्षेत्रात बहुतेक सरोवरांवर मोटारबोटींना मज्जाव आहे. तेथील स्मॉलमाउथ मात्र मूळचा नाही, माणसाने आणून सोडलेला.

प्रसार : लार्जमाउथ १९२५ मध्ये जपानमध्ये नेला गेला. वजनाचा जागतिक विक्रम १९३२ चा, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील जॉर्ज पेरी यांचा, २२ पौंड ४ औंस. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी किंचित जड मासा धरला, पण फरक दोन औंसांहून कमी असल्याने बरोबरी मानली गेली. २००५ पासून जपानी कायद्याने हा मासा उपद्रवी परकी जीवांत गणला जातो.