पित्त नेमके कुठले?

‘पित्त झाले आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा त्या तक्रारीत पित्ताचा काहीच हात नसतो. छातीतली जळजळ, आंबट ढेकर, घशाशी येणारे आंबट पाणी हा सारा प्रताप जठरातील आम्लाचा असतो. जठराच्या अस्तरातील पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल स्रवतात आणि पोट रिकामे असताना जठररसाचा सामू (pH, जितका कमी तितके आम्ल तीव्र) 1.5 ते 2 इतका खाली असू शकतो. खरे पित्त, म्हणजे पित्तरस, यकृतात तयार होते, पित्ताशयात साठून दाट होते आणि लहान आतड्यात उतरून स्निग्ध पदार्थांचे बारीक थेंब करते, जेणेकरून ते पचणे सोपे जावे. यकृतातून निघताना ते आम्लधर्मी नसून किंचित अल्कधर्मी असते. म्हणूनच उलटी आंबट होती की हिरवट-पिवळी आणि कडू, असे डॉक्टर विचारतात. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली, तर आतडे अडल्याची शंका घेऊन त्याची तातडीने तपासणी करतात.

अंगावर उठते ते ‘पित्त’ आणखी तिसरेच. त्या खाजऱ्या गांधी त्वचेतील पेशींनी सोडलेल्या हिस्टामिनमुळे उठतात. गंमत अशी, की जठरातील पेशींना आम्ल स्रवण्याचा इशारा देणाऱ्या रसायनांमध्येही हिस्टामिन आहेच. फक्त दोन्हीकडे ते वेगवेगळ्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरील इशारा टिपणाऱ्या जागांवर, काम करते, त्यामुळे दोन्ही ‘पित्तां’च्या गोळ्या सहसा वेगळ्या असतात.

‘पोट’ हा शब्दही असाच ऐसपैस आहे. बरगड्यांखालपासून ओटीपोटापर्यंतचा सगळा भाग म्हणजे उदर, तर जठर हा त्यातला एकच अवयव, वरच्या बाजूला बराचसा डावीकडे कललेला. आंत्रपुच्छाला (अपेंडिक्सला) सूज आली, की दुखणे अनेकदा बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांनी उजवीकडे खाली सरकते. नुसते ‘पोट दुखते’ म्हटल्याने यातले काहीच कळत नाही.

वैद्यकीय अहवालातील शब्द याउलट जागा अचूक सांगतात, पण ते ग्रीक-लॅटिन असल्याने वाचणारा बिचकतो. ‘अँट्रल गॅस्ट्रायटिस’ हा दुर्बिणीच्या तपासणीत वारंवार आढळणारा शेरा पाहा. ‘गॅस्टर’ म्हणजे जठर, ‘आयटिस’ म्हणजे दाह आणि ‘अँट्रम’ म्हणजे गुहा, अर्थात जठराचा खालचा पोकळ भाग. जठराच्या या टोकाला त्याचे दार असते, त्याला ‘पायलोरस’ म्हणजे द्वारपाल म्हणतात. ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ या जिवाणूच्या नावातला उत्तरार्ध याच द्वारपालावरून आला आहे. जठरव्रणामागे (अल्सरमागे) हा जिवाणू असतो, हे पटवण्यासाठी बॅरी मार्शल यांनी 1984 साली त्याचे मिश्रण स्वतःच प्यायले आणि जठरदाह ओढवून घेतला. रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना 2005 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

दारापलीकडे लहान आतड्याचा पहिला तुकडा लागतो, ‘ड्युओडेनम’. त्याचा अर्थ बारा, कारण त्याची लांबी बारा बोटांच्या रुंदीइतकी, म्हणजे सुमारे 25 सेंटीमीटर, मानली गेली. शरीररचनेची नावे ठेवणाऱ्यांकडे कल्पकतेपेक्षा मोजपट्टी जास्त होती, असे कधीकधी वाटते.

देवनागरीत लिहिताना मात्र एक घोळ होतो. ‘कोलायटिस’मधला ‘कोल’ म्हणजे मोठे आतडे आणि ‘कोलेसिस्टायटिस’मधला ‘कोले’ म्हणजे पित्त. मूळ भाषेत दोन शब्द वेगळे आहेत, आपल्या लिपीत ते जुळ्या भावंडांसारखे दिसतात. ‘सिस्ट’ म्हणजे पिशवी, हे लक्षात ठेवले की पित्ताची पिशवी, म्हणजे पित्ताशय, ओळखू येते. त्यामुळे कोलेक्टॉमीत मोठ्या आतड्याचा काही भाग किंवा ते सगळेच काढतात, तर कोलेसिस्टेक्टॉमीत पित्ताशय काढतात. कोलेस्टेरॉलमधला ‘कोले’ही पित्ताचाच, कारण तो पदार्थ प्रथम पित्ताशयातील खड्यांमध्ये सापडला.

शस्त्रक्रियेच्या नावाचे शेपूट तर फारच काळजीने वाचावे. ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून काढणे. ‘ऑस्टॉमी’ म्हणजे नवे तोंड तयार करणे. कोलोस्टॉमीत मोठ्या आतड्याचे तोंड उदराच्या भिंतीवर आणून ठेवतात, मल तिथून पिशवीत जमतो आणि कित्येकदा खालचा भाग बरा झाल्यावर ते तोंड पुन्हा बंदही करता येते. यातला ‘स्टोमा’ हा तोंडासाठीचा ग्रीक शब्द. जठराला इंग्रजीत ‘स्टमक’ म्हणतात, तो शब्दही याच मुळाचा. आरंभी तो घशाला आणि अन्ननलिकेला लावत असत, पुढे घसरत घसरत तो जठरापर्यंत येऊन स्थिरावला.