इकोस्प्रिन म्हणजे असिट्रोम नव्हे

"दादा, दोन्ही रक्त पातळ करायच्याच ना? मग असिट्रोम राहू दे, इकोस्प्रिन घरात पडलीय बाबांची." परळला मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून हे ऐकून ऐकून कान किटले. समोरच्या चिठ्ठीवर आईच्या नावापुढे गोळी असते असिट्रोम आणि निदान असतं 'एएफ', म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. ठोक्यांचा ताल पार बिघडलेला. आणि लेक निघालाय बाबांच्या ॲटॅकनंतरची गोळी आईला द्यायला.

इकोस्प्रिनबद्दल फार सांगत नाही, ती तुम्हाला माझ्याइतकीच माहीत आहे. ॲस्पिरिन, बहुतेकदा 75 मिलिग्रॅमचं. ॲटॅक येऊन गेला, स्टेंट पडला, बायपास झाली की चालू. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटू नयेत, एवढंच तिचं काम. असिट्रोम (म्हणजे असेनोकुमारॉल) आणि तिच्याच जातीची वॉर्फरिन यांचा रस्ताच निराळा. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात के जीवनसत्त्वाच्या मदतीने तयार होतात, ते या गोळ्या कमी पाडतात. अपिक्साबान, रिवारोक्साबान, डॅबिगाट्रान या नव्या गोळ्या त्याच साखळीतला एखादा घटक थेट अडवतात. रक्ताचा दाटपणा यातली एकही गोळी कमी करत नाही.

खरी मेख आहे गुठळी कुठे आणि कशी होते यात. ॲटॅकमध्ये ती हृदयाच्या अरुंद, वेगाने वाहणाऱ्या रक्तवाहिनीत होते. आतला चरबीचा थर फुटतो, त्या जखमेवर प्लेटलेट तुटून पडतात. तिथे इकोस्प्रिन कामाची. एएफमध्ये जखम वगैरे काही नसते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत मिनिटाला 350 ते 600 विजेचे झटके उठतात, त्यामुळे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला एका टोकाला बंद अशी छोटी पिशवी असते, तिच्यातलं रक्त पुढे सरकतच नाही. पावसात हिंदमाताला पाणी तुंबतं तसं ते तुंबतं. तुंबलेल्या रक्तात गुठळी धरते ती मुख्यतः फायब्रिन या धाग्यासारख्या प्रथिनाच्या जाळ्याची, प्लेटलेटचा वाटा तिथे दुय्यम. ती सुटली की बहुतेकदा थेट मेंदूत. म्हणून तर एएफमध्ये स्ट्रोकचा, म्हणजे पक्षाघाताचा, धोका साधारण पाचपट होतो.

आकडे बघा. एएफमध्ये वॉर्फरिनने स्ट्रोक जवळपास दोन-तृतीयांशाने घटतात, ॲस्पिरिनने फार तर पाचवा हिस्सा. "आजींचं वय झालं, सौम्य गोळी बरी" हे तर माझं सर्वांत नावडतं वाक्य. ब्रिटनमध्ये 75 वर्षांवरच्या एएफ रुग्णांवर नेमका हाच प्रश्न तपासला गेला, निकाल 2007 साली आला. गंभीर स्ट्रोक आणि तत्सम घटना वॉर्फरिनवर वर्षाला 1.8 टक्के, ॲस्पिरिनवर 3.8 टक्के, मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखाच. 2011 साली अपिक्साबान आणि ॲस्पिरिन समोरासमोर आले, तेव्हाही गत तीच. म्हणजे 'सौम्य' गोळीने रक्तस्रावाचा धोका फारसा टळत नाही आणि स्ट्रोकही थांबत नाही.

दुसरी खोड म्हणजे धडधड थांबली, इसीजी नॉर्मल आला, की गोळी परस्पर बंद. एएफ येतं-जातं, अनेकांना ते जाणवतही नाही. ठोके आवरायला मेटोप्रोलॉल वेगळी असते. गुठळीची गोळी धडधड किती होते यावर ठरत नाही. ती ठरते वय, बीपी, डायबेटिस, आधीचा स्ट्रोक, कमजोर झालेलं हृदय यांच्या हिशोबावर. एएफच्या मुळाशीही बहुधा बीपी, वय, लठ्ठपणा, घोरताना श्वास अडकणं, वाढलेला थायरॉइड, नाहीतर दारू यांपैकी काहीतरी असतं. थायरॉइडची तपासणी राहिलेली असेल तर आधी ती करा.

जुनी असिट्रोम की नवी गोळी? संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झालेली असेल किंवा धातूची झडप बसवलेली असेल, तर असिट्रोम किंवा वॉर्फरिनच. संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्या एएफ रुग्णांत रिवारोक्साबान कमी पडल्याचं 2022 साली स्पष्ट झालं. बाकीच्यांत, किडनी बरी असेल तर, माझं मत अपिक्साबानच्या बाजूने. आयएनआरसाठी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीसाठी, दर महिन्याला सुई टोचून घ्यायला नको. मात्र ती दिवसातून दोनदा घ्यायची असते, आणि डोस चुकला की संरक्षण दिवसभरात ओसरतं. विसरभोळ्या माणसाला ही सोय महागात पडते. असिट्रोमवर असताना आयएनआर सहसा 2 ते 3 मध्ये ठेवतात. त्यासाठी के जीवनसत्त्व असलेली पालक-मेथी कायमची सोडायची गरज नाही, रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवा म्हणजे झालं. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी मात्र मागू नका, यातल्या कुठल्याही गोळीबरोबर मी ती चिठ्ठीशिवाय देत नाही.



इकोस्प्रिनसारखी प्लेटलेटची गोळी आणि एएफची गोळी, दोन्ही एकत्र कधी? एएफ असलेल्या माणसाला स्टेंट पडला तर, आणि तेही ठरावीक काळ. साधारण वर्षभराने बहुतेकांची प्लेटलेटची गोळी थांबते, एएफची पुढे चालू राहते. म्हणून चिठ्ठीवर दोन्ही दिसल्या तर "दोन्ही कधीपर्यंत?" हे डॉक्टरांकडून तारखेसकट लिहून घ्या. दात काढायच्या आधीही त्यांनाच विचारा, शेजारच्यांना नको.

आणि तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर 108 लावा आणि गोळ्यांची पट्टी खिशात टाकून निघा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. इकोस्प्रिनवरच्या माणसाला ते सहसा चालतं; अपिक्साबान सकाळीच घेतली असेल तर सहसा नाही, मग डॉक्टरांना दुसरा मार्ग धरावा लागतो. तिथे "रक्त पातळ करायची कुठलीतरी" हे उत्तर चालत नाही. गोळीचं नाव आणि शेवटच्या डोसची वेळ, दोन्ही सांगता आलं पाहिजे.