कॅटलिना (पीबीवाय)

अमेरिकेच्या कन्सॉलिडेटेड कंपनीचे दोन इंजिनांचे सागरी गस्तीचे विमान. पीबीवाय हे अमेरिकी आरमारातले सांकेतिक नाव. आराखडा आयझॅक लॅडन यांचा. पहिले उड्डाण २८ मार्च १९३५. सुरुवातीच्या कॅटलिना निव्वळ उडत्या नौका होत्या. त्या पाण्यावर उतरत आणि पाण्यावरूनच उठत. किनाऱ्यावर ओढून घ्यायच्या तर माणसांना पाण्यात शिरून पोटाला चाके जोडावी लागत. १९३९ साली पोटाच्या बाजूंत घडी होणारी चाके बसवून चाचणी झाली आणि त्यातूनच पीबीवाय-५ए हे खरे उभयचर विमान तयार झाले. कॅलिफोर्नियाजवळील सांता कॅटलिना बेटावरून पडलेले नाव आधी ब्रिटिशांनी रूढ केले. कॅनडात हेच विमान कॅन्सो म्हणून ओळखले जाते. सगळे प्रकार धरून तीन हजारांहून अधिक विमाने बांधली गेली.

३१.७ मीटर लांबीचा पंख धडाच्या वर एका जाड खांबावर उभा असतो. त्यामुळे प्रत्येकी १,२०० अश्वशक्तीची इंजिने पाण्याच्या तुषारांपासून दूर राहतात. इंजिनांवर लक्ष ठेवणारा फ्लाइट इंजिनिअर या खांबातच बसतो. पंखांच्या टोकांचे तरंगे उड्डाणानंतर वर वळतात आणि पंखाचेच टोक बनतात. शेपटीकडच्या भागात दोन्ही बाजूंना काचेचे फुगीर घुमट असतात. टेहळणी करणारा तिथे बसून खालचा समुद्र न्याहाळत राहतो.

कॅटलिना ताशी जेमतेम २०० किलोमीटरने जाई. पण समुद्रात हरवलेले काही शोधायचे तर वेगापेक्षा चिकाटी मोठी, आणि कॅटलिना पंधरा-पंधरा तास हवेत राही. मे १९४१ मध्ये बिस्मार्क ही जर्मन युद्धनौका पुन्हा सापडली ती कॅटलिनाच्या नजरेला. ४ एप्रिल १९४२ रोजी कॅनडाच्या हवाई दलातील लेनर्ड बर्चल यांना श्रीलंकेच्या दक्षिणेस जपानी आरमार दिसले. विमान पाडले जाण्याआधी त्यांनी इशारा धाडला, म्हणून दुसऱ्या दिवशी कोलंबोवर हल्ला झाला तेव्हा तिथले लोक सावध होते. त्याच मोहिमेत ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब पडले.

या विमानाची खरी थोरवी मात्र माणसे वाचवण्यात आहे. जुलै १९४५ च्या अखेरीस इंडियानापोलिस ही क्रूझर जातीची अमेरिकी युद्धनौका पाणतीराने बुडाली. चौथ्या दिवशी, २ ऑगस्टला, एड्रियन मार्क्स यांची पीबीवाय-५ए तिथे पोचली. खाली शार्क माशांच्या वेढ्यात माणसे तरंगत होती. खुल्या समुद्रात उतरू नये असा हुकूम असतानाही मार्क्स यांनी साडेतीन मीटर उंचीच्या लाटांवर विमान उतरवले आणि ५६ जणांना पाण्याबाहेर काढले. आत जागा उरली नाही तेव्हा उरलेल्यांना पंखांवर निजवून पॅराशूटच्या दोऱ्यांनी बांधले. विमान पुन्हा उडण्याजोगे राहिले नाही. रात्री जहाज येईपर्यंत ते तरंगत राहिले, एवढे त्या माणसांना पुरे होते. पुढे मोडके विमान तोफांनी बुडवण्यात आले.

नागरी कामही तितकेच मोलाचे. १९४३ ते १९४५ या काळात ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास विमान कंपनीने पर्थ ते श्रीलंकेतील कोग्गला अशी न थांबता जाणारी सेवा पाच कॅटलिनांवर चालवली. वाटेत जपानी विमानांचा धोका असल्याने रेडिओ बंद असे. प्रवासी फक्त तीन आणि टपाल ६९ किलो. उड्डाण २७ ते ३३ तासांचे, त्यामुळे एकाच प्रवासात सूर्य दोनदा उगवे. ही विमाने चाकांविनाची होती. युद्धानंतर स्वस्तात विकल्या गेलेल्या उभयचर कॅटलिनांनी ॲमेझॉनच्या काठावरील धावपट्टी नसलेल्या गावांपर्यंत माणसे आणि माल पोचवला. ब्राझीलच्या हवाई दलाने त्या १९८२ पर्यंत वापरल्या. कॅनडात पोटात पाणी भरून घेऊन वणव्यांवर ओतण्यासाठी त्या कामी आल्या. १९४३ साली तिथेच बांधलेली एक कॅन्सो हवाई दलातून निवृत्त झाल्यावर याच कामाला लागली होती. आता ती इंग्लंडमधील डक्सफर्ड येथे असते आणि हवाई प्रदर्शनांत उडते.