तोरणमाळचा उतार आणि बाटलीभर ब्रेक ऑइल

तोरणमाळहून शहाद्याकडे उतरणारा सात पायरी घाट अर्धा उतरलो आणि ब्रेकचं पेडल स्पंजासारखं मऊ झालं. मित्राची जुनी फोर-बाय-फोर जीप, चारही चाकांना ड्रम ब्रेक (चाकासोबत फिरणारा लोखंडी डबा, ज्याला ब्रेक आतून घासून अडवतो), आत आम्ही सहा जण आणि मागे यशवंत तलावाकाठच्या स्वयंपाकाची भांडीकुंडी. पाय खाली जात होता, गाडी काही धरत नव्हती. दोन-तीनदा भराभर पंपिंग केलं तेव्हा कुठे वेग कमी झाला. शेजारून जाणाऱ्या काळी-पिवळीवाल्याने मान बाहेर काढून सांगितलं, "भाऊ, गाडी गिअरमा ऱ्हाऊ दे!" आम्ही ती तिसऱ्यात, म्हणजे जवळपास मोकळीच सोडली होती.

गाडी कशीबशी कडेला घेऊन चाकांखाली दगड लावले आणि बसून राहिलो. पाऊण तासाने पाहतो तर पेडल पुन्हा घट्ट. कोणी हात लावला नव्हता, की कुठे ऑइलचा थेंब सांडला नव्हता. आजार समजायला ही एकच खूण पुरेशी होती. गळती असती, वॉशर फाटलं असतं, तर थंड झाल्यावर दुखणं बरं झालं नसतं. म्हणजे भानगड उष्णतेची.

किती उष्णता? तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे आणि शहाद्याकडे येताना सातपुडा सोडून तापीच्या सपाटीवर यावं लागतं. माणसांसकट गाडी १,८०० किलोची धरू आणि त्यातले फक्त ६०० मीटर मोजू. उंचीमुळे साठलेली ऊर्जा होते सुमारे १ कोटी ज्यूल. तेवढ्यात ३० अंशांचं ३६ लिटर पाणी, म्हणजे दोन मोठे हंडे, उकळीला येईल. इंजिन, टायर आणि वारा यातला काही वाटा उचलतात. उरलेली सगळी उष्णता ड्रमच्या लोखंडात आणि त्याला आतून घासणाऱ्या पट्ट्यांत, म्हणजे लायनरमध्ये जाते. खालचा गिअर टाकला की इंजिनचा वाटा वाढतो, न्यूट्रल केलं की तो शून्य होतो. डिझेल वाचवायला घाटात इंजिनच बंद करणारे महाभागही मी पाहिलेत. व्हॅक्युम बूस्टर, म्हणजे इंजिनच्या जोरावर पायाला मदत करणारा डबा, असलेल्या गाडीत इंजिन बंद झाल्यावर एक-दोनदा दाबण्यापुरतीच मदत उरते, पुढे सगळी ताकद पायाची.

तापलेला ब्रेक दगा देतो त्याचे प्रकार वेगवेगळे, आणि ते पायालाच कळतात. पेडल घट्ट आहे, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय, तर लायनरची पकड गेली. पेडल नेहमीपेक्षा खाली जातंय, पण पंपिंग केल्यावर वर येतंय, तर बहुधा ड्रम तापून फुगला आणि लायनरपासून लांब गेला. डिस्क ब्रेकला, म्हणजे दोन पॅडच्या चिमट्यात फिरणाऱ्या उघड्या चकतीला, ही अडचण नाही, ती फुगली तर पॅडच्या दिशेनेच. पेडल मऊ, लवचिक, आत काही दबतंय असं वाटणारं, तर ऑइलला उकळी फुटली. द्रव दाबला जात नाही, म्हणून तर पायाचा दाब नळीतून चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. पाय तिला चेपण्यातच खर्ची पडतो.

आता ब्रेक ऑइल उकळतं कशामुळे? डॉट ३, डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या प्रती. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळू नये, डॉट ४ निदान २३० पर्यंत. पण ही ऑइलं हवेतला ओलावा शोषतात, झाकणातून आणि रबरी नळ्यांतूनसुद्धा. ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकानुसार डॉट ३ ची किमान मर्यादा १४० आणि डॉट ४ ची १५५ अंशांवर येते. सातपुड्यातले दोन-तीन पावसाळे आणि ओहळांत बुडालेली चाकं यांचा हिशेब इथे चुकता होतो.

जुनं ऑइल आणि हवा काढायला शहाद्याच्या मिस्तरीने पारदर्शक नळी चाकामागच्या निपलला, म्हणजे ऑइल बाहेर सोडायच्या स्क्रूला लावली, दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलं आणि मला पेडलवर बसवलं. "दाबा... धरून ठेवा... सोडू नका." निपल ढिला केला की नळीतून बुडबुडे आणि बिनदुधाच्या शिळ्या चहासारखं काळपट ऑइल. निपल आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा उलटी आत. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडलने ऑइल ढकलणाऱ्या पंपापासून, सर्वांत लांबच्या चाकाने. रंग सोनेरी होईपर्यंत आमचं हेच चाललं होतं.

मित्राला मात्र डिस्क बसवायची घाई. हौस रास्त आहे. ड्रममध्ये काळ्या मातीचा चिखल शिरला की वाळून विटेसारखा बसतो आणि लायनर खातो. डिस्क उघडी, तिच्यावरचं पाणी फिरता फिरता उडून जातं. पण ड्रममध्ये फिरतं चाक पुढच्या लायनरला स्वतःच आत ओढून घेतं, ती फुकटची मदत डिस्कला नाही. दाब जास्त लागतो, म्हणून बूस्टर आला. काही ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये थोडा दाब कायम राखणारा व्हॉल्व्ह असतो; तो डिस्कच्या लाइनवर राहिला तर पॅड घासतच राहतात. मास्टर सिलिंडर १९ मिलिमीटर व्यासाऐवजी २२ चा घातला तर क्षेत्रफळ ३४ टक्क्यांनी वाढतं. पेडल छान कडक लागतं आणि माणूस खूश होतो, प्रत्यक्षात तेवढ्याच पायाने दाब पाव हिश्शाने कमी मिळतो. शिवाय २८ इंची टायर काढून ३१ इंची चढवले की त्याच ब्रेकचा रस्त्यावरचा जोर सुमारे दहा टक्के घटतो. टायर आधी आणि ब्रेक नंतर, हा क्रम मला कधीच पटला नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा तोरणमाळ केलं. या वेळी दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, पेडल शेवटपर्यंत घट्ट. पायथ्याशी थांबून प्रत्येक ड्रमजवळ, न टेकवता, हात नेला. तीन चाकांची धग वीतभर अंतरावरून लागत होती. मागचं डावं चाक गार. ड्रम उघडला तर लायनर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजून जागीच बसलेला, म्हणजे दोन्ही वेळा आम्ही सात पायऱ्या तीनच ब्रेकवर उतरलो होतो.