गारठा कुंडीला की आपल्याला?

डिसेंबरात पारा जरा उतरला की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सल्ला फिरू लागतो: रात्री कुंड्यांवर प्लास्टिक घाला, भाज्या गारठतील. टोमॅटो, वांगी, मिरची यांना थंडीची खरी इजा होते ती साधारण १० अंशांच्या खाली. आपल्या किनारपट्टीवर तर किमान तापमान १५ अंशांपर्यंत उतरलं आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी कमी असलं, की हवामान खातं थंडीची लाट म्हणतं! मेथी-पालकाला तर हीच हवा मानवते.

घोडबंदर रोडवर पंधराव्या मजल्यावरची पानं करपतात ती बहुतेकदा वाऱ्याने. वाऱ्यात आपल्याला हुडहुडी भरते, कारण आपलं शरीर ३७ अंशांचं. पान स्वतःची ऊब राखत नाही. उलट निरभ्र, शांत रात्री ते आकाशाकडे उष्णता सोडत हवेपेक्षाही गार होतं. तेव्हा झुळूक आली तर पान थोडं कोमटच होतं.

मग वारा बिघडवतो काय? पानाला लगटून हवेचा जवळपास निश्चल थर असतो, सीमास्तर. पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून, निघालेली वाफ त्यातून विसरणाने, म्हणजे हळूहळू पसरत, बाहेर पडते. थराची जाडी पानाच्या लांबीला वाऱ्याच्या वेगाने भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. १० सेंटिमीटरच्या पानावर, सेकंदाला १ मीटर वाऱ्यात, तो सुमारे सव्वा मिलिमीटर. वेग दहापट झाला की जेमतेम ०.४. म्हणून पाणी तिप्पट जातं असं नाही, पर्णरंध्रांचा स्वतःचा अडथळा उरतोच. पण हवा कोरडी असेल आणि मुळं मागे पडली, तर पर्णरंध्रं मिटतात. मग कार्बन डायऑक्साइडही आत शिरत नाही आणि वाढ खुंटते. वाऱ्याकडच्या कडेला थर सर्वांत पातळ. मिरचीचं पान उलटून बघा, तपकिरी पट्टी बऱ्याचदा कडेकडूनच आत सरकलेली असते.

‘नजर लागली’ म्हणून काळी बाहुली टांगणाऱ्यांनी खुशाल टांगावी. वारा तिलाही हलवतो. झाडाला ‘थंडीत ताकद’ देणाऱ्या महागड्या फवाऱ्यांनीही वारा अडत नाही.

आडोसा मात्र सलग पत्र्याचा नको. वारा त्यावरून उसळून पलीकडे भोवरे करतो. ५० टक्के सावलीची हिरवी शेडनेट, म्हणजे जाळीचं कापड, बरी: थोडा वारा आरपार जाऊ देते, म्हणून पलीकडचा वारा शांत होतो. ती रेलिंगला वर, खाली आणि मध्येही सुतळीने आवळा, नाहीतर शिडासारखी फुगून कुंडीच ढकलते.