वेगवान गोळी वाऱ्यावर जास्त का सरकते?

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेमबाजी) कांस्य जिंकलं, ते पॉइंट टू-टूच्या रायफलीवर. अमेरिकेत खारी-सशांच्या मागे जाणारा शिकारी वापरतो तेही हेच, १८८७ पासून चालत आलेलं ५.६ मिमीचं काडतूस. पहिलीच रायफल घेणारा मात्र दोन्हीकडे एकच चूक करतो. खोक्यावर ‘हाय व्हेलॉसिटी’ दिसलं की तेच उचलतो. गोळी लवकर पोचली तर वाऱ्याला वेळच मिळणार नाही, हा त्याचा हिशेब.

हिशेब चुकतो, कारण वारा गोळीला बाजूने ढकलतो ही समजूतच चुकीची आहे. फिरणारी गोळी समोरून येणाऱ्या हवेकडे नाक करून उडते. आडवा वारा असला की ती हवा किंचित तिरकी येते, नाकही तितकंच तिरकं होतं आणि हवेचा अवरोध गोळीला मागे खेचताखेचता थोडा बाजूलाही ओढतो. म्हणजे अवरोध जितका जास्त, तितकं सरकणं जास्त. सूत्र सोपं आहे: हवेतून जायला लागलेल्या वेळातून निर्वात पोकळीत लागला असता तो वेळ वजा करा आणि उत्तराला वाऱ्याच्या वेगाने गुणा.

२० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो. या वेगाच्या आसपास गोळीपुढे आघात-तरंग तयार होतात आणि अवरोध एकदम चढतो. २.६ ग्रॅमची हाय व्हेलॉसिटी गोळी सुमारे ३८२ मीटरने सुटते, म्हणजे नेमकी या चढावर सापडते. स्टँडर्ड गोळी ३२६ ने निघते आणि खालूनच निसटते. सेकंदाला ३ मीटरचा आडवा वारा धरला तर ५० मीटरवर पहिली अंदाजे २६ मिमी सरकते, दुसरी १८. निशाण्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं. नेम मधोमध धरूनही पहिलीला सात गुण, दुसरीला आठ.

मग पॉइंट वन-सेव्हन एचएमआर, म्हणजे टू-टूपेक्षा बारीक आणि बरंच वेगवान काडतूस? १.१ ग्रॅमची ती गोळी ७७० च्या वर सुटते आणि १०० मीटरपर्यंत ध्वनीच्या बरीच पुढे राहते, त्यामुळे कमी सरकते. पण काडतूस महाग, आणि ससा खायचा असेल तर मांसाच्या चिंध्या.

रायफल निवडताना नळीच्या जाहिरातीवर फार विसंबू नका. रिमफायरमध्ये, म्हणजे पिन कडेवर आपटून पेटणाऱ्या अशा काडतुसांत, ज्वालक मसाला काडतुसाच्या कडेत फिरवून बसवतात. तो असमान बसला की वेग बदलतो. १० मीटरचा फरकसुद्धा ५० मीटरवर गोळी ७-८ मिमी वर-खाली टाकतो. म्हणून तीन-चार प्रकारची काडतुसं आणा, प्रत्येकाच्या पाच गोळ्यांचे चार गट टेकूवरून मारा. प्रकार बदलला की आधी दहा-पंधरा गोळ्या वाया घालवा, कारण नळीत आधीच्या मेणाचा थर असतो. जो प्रकार जुळेल त्याचा त्याच लॉट नंबरचा, म्हणजे एकाच खेपेत बनलेला, साठा घ्या. शिकारीसाठी अडीच-तीन किलोची रायफल पुरते, ऑलिम्पिकची आठ किलोपर्यंत चालते. पाचही गोळ्या चार सेंटिमीटरच्या आत बसतात तेवढंच अंतर शिकारीचं समजा. मागे मातीचा बांध हवाच. चुकलेली गोळी दीड किलोमीटर जाऊ शकते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सशाचीही शिकार बंद आहे, तेव्हा परवाना आणि नेमबाजीची रेंज एवढाच मार्ग.

बिघाड बहुतेक घरीच होतात. रिकाम्या नळीवर घोडा दाबत राहिलात तर पिन चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं ती जागा) कडेवर आपटते, तिथे खड्डा पडतो आणि काडतुसं अडकू लागतात. खंडेनवमीला रायफलीची पूजा जरूर करा, पण हळदकुंकू दस्त्यावरच राहू द्या. नळीच्या तोंडाची कड ओरखडली तर गोळीमागचा वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळी कलते. सफाईची सळई म्हणूनच चेंबरकडून घालायची, तोंडाकडून नाही.